नेल्डा क्राऊचचं निळं भांडं

आमच्या टॅलिस गावात फुटबॉलच्या कोचची नोकरी गेली, की पहिला ओव्हन तापतो तो नेल्डा क्राऊचच्या घरी. उकडलेल्या कोंबडीचे तुकडे, भात, दाट सूप, वरून खाऱ्या बिस्किटांचा चुरा आणि लोणी. हे सगळं एका निळ्या काचेच्या भांड्यात घालून वरचा थर तांबूस होईपर्यंत ती भाजते, भांडं टॉवेलात गुंडाळते आणि कोचच्या दारात जाऊन उभी राहते. मयताच्या घरी चूल पेटू द्यायची नाही, जेवण शेजाऱ्यांनी पोचवायचं, ही रीत आमच्या टेनेसी राज्यात सगळीकडेच आहे. पण हाकललेल्या कोचच्या घरी जेवण नेणारी बाई मी तरी एकच पाहिली.

आणि गंमत अशी की त्याच कोचला हाकला म्हणून वर्षानुवर्षं सगळ्यांत मोठ्याने ओरडणारी बाईही हीच.

मी तिचा शेजारी, व्हर्जिल. माझं टायरचं दुकान आहे, आणि स्टेडियमच्या बाकावर माझी जागा तिच्या जागेला लागून आहे. म्हणजे माझा डावा कान गेली वीसेक वर्षं तिच्या ताब्यात आहे. नेल्डाने जन्मभर शाळेची बस चालवली. मागच्या बाकावर मारामारी करणाऱ्या पोरांना पुढे बसल्या बसल्या थंड करायचा जो आवाज होता, तो निवृत्त झाल्यावरही तिने जमा केला नाही. आमच्या कॉलेजच्या संघाचं नाव 'खेचरं'. ते कोणी ठेवलं ठाऊक नाही, पण संघ नावाला जागतो. एकदा अडला की जागचा हलत नाही.

आमचा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू पोटाशी धरून समोरच्या आडदांड पोरांत घुसायचा खेळ. चार खेपांत दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर समोरच्यांकडे जातो. म्हणून तीन खेपा फसल्या की सावध कोच चौथ्या खेपेला चेंडूला लाथ मारून तो लांब भिरकावून देतात. जायचाच आहे तर निदान आपल्या दारापासून लांब जाऊ दे, असा हिशेब. नेल्डाचा जन्माचा राग होता तो या लाथेवर. "एवढंसं अंतर राहिलंय आणि हा बाबा चेंडू देऊन टाकतोय! तुझ्या बापाचा आहे का तो?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

कोच आम्ही पुष्कळ पाहिले. एक जण प्रत्येक पराभवानंतर म्हणायचा, पोरं अजून लहान आहेत. त्यातली काही पोरं लग्न होऊन बाप झाली तरी त्याचं वाक्य बदललं नाही. एकाला शिट्टीच फार आवडायची. एक जण हरला की वाऱ्याला दोष द्यायचा. वारा दोन्ही बाजूंना सारखाच असतो, हे नेल्डाने त्याला सगळ्या जिल्ह्याच्या देखत रेडिओवर समजावून सांगितलं.

रेडिओचं असं की दर सोमवारी संध्याकाळी बर्टच्या मासळीच्या हॉटेलात कोचला बसवतात, समोर माइक ठेवतात, आणि लोकांनी घरून फोन करून त्याला प्रश्न विचारायचे. कार्यक्रम चालवतो बर्टच. हॉटेलात बसलेले आम्ही तळलेला मासा खात ऐकतो. लोक फोनवर आडवळणाने बोलतात, कोचही गुळमुळीत उत्तरं देतात. नेल्डाचा फोन आला की मात्र बर्ट आधी पाण्याचा घोट घेतो.

अशी ही बाई, पण कोच गेल्याची खबर आली की आमच्यासारखी हॉटेलात चघळत बसत नाही, घरी जाऊन कोंबडी उकडायला ठेवते. आजवर पाच कोचच्या दारात भांडं गेलं. भांड्याच्या बुडाला ती कागदी चिकटपट्टी लावते आणि वर नाव लिहिते, परत यावं म्हणून. एकही परत आलं नाही. सामान बांधायच्या घाईत ती भांडी कुठल्या कुठल्या ट्रकमध्ये गेली देव जाणे. मी तिला चिडवायचो, "नेल्डा, तुझी भांडी पाच राज्यांत संसार करतायत." ती म्हणायची, "करू देत. माझ्या फडताळात धूळ खाण्यापेक्षा बरं." आणि जाऊन आणखी एक निळं भांडं विकत आणायची.

असं का करतेस, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिच्या घरी विचारू नये अशा दोनच गोष्टी. एक ही, आणि दुसरी जेवणाच्या टेबलाशी भिंतीकडची खुर्ची. ती खुर्ची तिच्या नवऱ्याची, हॉइटची. हॉइट जाऊन बरीच वर्षं झाली. खुर्चीवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा असतो. एकदा मी तो उचलून तिथे टेकणार, तेवढ्यात तिने मला बसमधल्या आवाजात उठवलं. तेव्हापासून मी तिच्याकडे स्टुलावर बसतो.

गार्लंड टीग हा आमचा सहावा. उंच, वाकलेला, हळू बोलणारा माणूस. मनाने चांगला, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. त्याच्या संघातली पोरं परीक्षेत पास व्हायची, म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडून द्यायची, आणि शनिवारी मार खायची. आणि लाथ! टीगने त्या लाथेत सगळ्या आधीच्यांना मागे टाकलं. नेल्डा दर सोमवारी फोन करून तोच प्रश्न विचारायची, "कोच, चौथ्या खेपेला लाथ का मारता?" आणि तो दर सोमवारी तेच उत्तर द्यायचा, "मिस नेल्डा, आकडेवारी तसं सांगते." यावर नेल्डा म्हणायची, "आकडेवारीला विचारा, ती शनिवारी खेळायला येते का." मग हॉटेलात हशा पिकायचा. टीग कान लाल करून माशात काटा शोधत बसायचा.

त्या नोव्हेंबरात आम्ही एका अशा संघाकडून हरलो, ज्याच्याकडून हरायची तसदी आजवर कोणीच घेतली नव्हती. तेही घरच्या मैदानावर, तेही सडकून. आता टीगचं काही खरं नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. नदीपलीकडच्या कॉलेजशी शेवटचा सामना तेवढा उरला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. नेल्डाला मी चर्चला घेऊन निघालो. वाटेत स्टेडियम लागतं. दरवाजाजवळची पहिली जागा कोचच्या मोटारीची, आणि तिथे खांबावर त्याच्या नावाची पाटी असते. आमच्या कॉलेजची एक वाईट खोड आहे. कोचला काढायचं ठरलं की त्याला सांगायच्या आधी ही पाटी काढतात. मागच्या वेळी तर तो माणूस चर्चमधून बाहेर यायच्या आत पाटी गेली होती. त्यामुळे रविवारी सकाळी तिथून जाताना सगळं गाव मान वळवून बघतं.

मीही वळवली. खांब होता, पाटी नव्हती.

"गेला बिचारा," मी म्हटलं.

नेल्डाने मान वळवून खांब बघितला. मग म्हणाली, "गाडी फिरव, व्हर्जिल. कोंबडी बाहेर काढून ठेवायला हवी."

त्या रविवारी आम्ही प्रवचन चुकवलं. दुपारी भांडं तयार झालं. काठावर कोंबडीचा रस उकळून वर आला होता, वास असा सुटला होता की मला माझ्याच घरी कोणालातरी काहीतरी व्हावं असं वाटून गेलं. भांडं मांडीवर धरून नेल्डा माझ्या मोटारीत बसली आणि आम्ही टीगच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. डीना तिचं नाव. केस वर बांधलेले, हात साबणाचे.

नेल्डाचं ठरलेलं वाक्य असतं. तेच ती बोलली. "झालं ते वाईट झालं. हे गरम आहे, आधी जेवून घ्या."

डीनाने भांड्याकडे बघितलं. टीगच्या आधीच्या कोचची बायको जाताना तिला सांगून गेली होती, हे आम्हाला नंतर कळलं: निळं भांडं घेऊन एक म्हातारी दारात आली की समजायचं, खोके आणायला जायची वेळ झाली. डीनाच्या हातावरून साबणाचं पाणी पायपुसण्यावर ठिबकत राहिलं.

"काय झालं?" तिने हळूच विचारलं.

मी नेल्डाला वीस वर्षं ओळखतो. तिला शब्द सापडला नाही असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी मोटारीकडे बघितलं, जसं काही तिच्या टायरमध्ये हवा कमी आहे.

तेवढ्यात आतून टीग आला, पायांत नुसते मोजे. तो कालच्या सामन्याची फीत बघत बसला होता. त्याने बायकोचं तोंड बघितलं, मग भांडं.

"मला तर कोणाचा फोन आला नाही," तो म्हणाला.

"पाटी," नेल्डा म्हणाली. "पाटी नाहीये जागेवर."

टीग आत गेला आणि त्याने कॉलेजच्या अध्यक्षांना फोन लावला. आम्ही तिघं दारातच उभे. भांडं जड, पण नेल्डा ते खाली ठेवीना आणि डीनाला ते घ्यावं की नको समजेना. आतून टीगचं "हो... हो सर... नाही, कोणी काही बोललं नाही" एवढंच ऐकू येत होतं.

तो परत आला. पावाच्या गाडीवाल्याने शनिवारी रात्री गाडी मागे घेताना पाटीला धडक दिली होती. माळ्याने ती रंगवायला नेली होती. बस्स, एवढंच. "पण फोन केलाच आहेस तर सांगतो, असं म्हणाले," टीग म्हणाला. "नदीपलीकडच्यांना हरवलं तर आणखी एक वर्ष. नाही हरवलं तर नाही."

नेल्डाचं तोंड राखेसारखं झालं. जिवंत माणसाच्या मयताचं जेवण घेऊन ती त्याच्या दारात उभी होती, आणि त्या जेवणापायीच त्याला नको ते आठवडाभर आधी ऐकावं लागलं होतं. "मला माफ करा," ती म्हणाली. "मी निघते."

हसली ती डीना. आधी नाकातून, मग दाराच्या चौकटीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं. "ते गरम आहे ना अजून?" ती म्हणाली. "मग आत या. मेल्यावर जेवायचं ते आधी जेवू."

आम्ही चौघं त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. आधी नुसता चमच्यांचा आवाज. टीगने दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा डीनाने सरळ विचारलं, "मिस नेल्डा, राग मानू नका. दर सोमवारी तुम्ही याची सालं काढता. मी घरी बसून ऐकते, मग हा घरी येतो आणि मी काही ऐकलंच नाही असं दाखवते. आणि आज तुम्ही याच्यासाठी रांधून आणलंत. मला कळत नाही."

नेल्डाने चमचा खाली ठेवला. जे मला वीस वर्षांत सांगितलं नव्हतं ते तिने या परक्या बाईला सांगितलं.

हॉइट कोच होता. पूर्वेकडच्या एका गिरणीच्या गावात, शाळेच्या संघाचा. जिंकत होता तोवर शुक्रवारी रात्री तिच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. गिरणीचा मॅनेजर, पाद्री, दुकानदार, सगळे तिच्या हातचं खाऊन जायचे. मग दोन वर्षं संघ हरला. एका नोव्हेंबरात शाळेने हॉइटला काढलं. "त्या आठवड्यात आमच्या दाराशी एक माणूस फिरकला नाही," नेल्डा म्हणाली. "एक नाही. समोरची बाई मला बघून रस्ता ओलांडून गेली. आम्ही दोघं पडदे ओढून टेबलाशी बसायचो. मी रांधायचे आणि हॉइट म्हणायचा, एवढं कशाला केलंस, कोण येणारे? पुढे कित्येक वर्षांनी हॉइट गेला, तेव्हा इथे टॅलिसमध्ये माझ्या ओट्यावर भांडं ठेवायला जागा उरली नाही, इतकं लोकांनी आणलं. मला त्यातलं काहीच नको होतं. मला वाटत होतं, यातलं एक, फक्त एक, त्या आठवड्यात आलं असतं तर."

 मी ताटातला भात गोळा करत राहिलो. इतकी वर्षं त्या खुर्चीवरच्या वर्तमानपत्रांवर मी विनोद करत आलो, त्या विनोदांची मला लाज वाटली.

मग टीगने घसा खाकरला. "मिस नेल्डा, तुम्ही इथेच आहात तर चौथ्या खेपेचं..."

"मी लोकांच्या घरात बसून फुटबॉल बोलत नाही," नेल्डा म्हणाली. "सोमवारी फोन करीन."

सोमवारी बर्टच्या हॉटेलात खुर्च्या कमी पडल्या. भांड्याची गोष्ट तोवर सगळ्या गावाला कळली होती. ती कोणी सांगितली याची चौकशी करायचं कारण नाही, टायरच्या दुकानात दिवसभर माणसं येत असतात. पहिले दोन फोन असेच गुळमुळीत झाले. मग बर्टने पाण्याचा घोट घेतला.

"टॅलिसमधून नेल्डा," स्पीकरच्या पेटीतून आवाज आला. "कोच, चौथ्या खेपेला लाथ का मारता?"

आम्ही सगळे आकडेवारीची वाट बघत होतो. टीगने माइकच्या तारेशी चाळा केला. मग म्हणाला, "भीती वाटते म्हणून, मिस नेल्डा."

हॉटेलात तळणीत तेल तडतडत होतं तेवढंच. मी आजवर ऐकलेल्या एकाही कोचने हा शब्द उच्चारला नव्हता.

"कशाची?" नेल्डाने विचारलं.

"नोकरी जाईल याची."

"ती तर जाणारच आहे, बाळा," नेल्डा म्हणाली, आणि सगळं हॉटेल हसलं, टीगसुद्धा. दारातही ती त्याला 'तुम्ही' म्हणाली होती. आता 'तू' झाला. "आज नाहीतर उद्या. हॉइटची गेली, तुझ्या आधीच्या सगळ्यांची गेली. जाणारच आहे तर एकदा घुसून तरी बघ. पोरांना कळू दे की तुझा त्यांच्यावर विश्वास आहे."

"बरं," टीग म्हणाला. एवढंच.

शुक्रवारी पाटी परत लागली. नवा रंग, पांढऱ्यावर हिरवं नाव. शनिवारी थंडी अशी होती की कॉफीचा पेला हातात धरायला घेतला जात होता, प्यायला नाही. नेल्डा तिच्या जागेवर, हॉइटची जुनी टोपी कानांवर ओढून. त्या दिवशी खेचरं अशी खेळली की मी दोनदा खात्री करून घेतली, आपण बरोबर बाजूला बसलोय ना. संपायला दोनेक मिनिटं उरली आणि आम्ही दोन गुणांनी पुढे होतो.

चेंडू आमच्याकडे, मैदानाच्या साधारण मध्यावर. तीन खेपा झाल्या. जेमतेम हातभर अंतर उरलं. चौथी खेप.

लाथ मारायची, हे शहाणपण. चेंडू पार त्यांच्या टोकाला जाईल, तिथून यायला त्यांना वेळ पुरणार नाही, आपण जिंकू, टीगला आणखी एक वर्ष. पण हातभर पुढे सरकलो तर सामना तिथेच संपला. आणि नाही सरकलो तर चेंडू त्यांना मैदानाच्या मध्यावर, ताटात वाढून दिल्यासारखा.

लाथ मारणारा पोरगा सवयीने मैदानात निघालासुद्धा. टीगने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत बसवलं. आणि मग तो मागे वळला, आमच्या बाकांकडे. इतक्या लांबून त्याला काही दिसलं असेल असं नाही. पण नेल्डा उभी राहिली होती.

"जा!" ती ओरडली. तो आवाज मैदानापर्यंत पोचला नसेल तर बसमध्ये कधी पोचलाच नसेल.

पोरं घुसली. सगळा ढीग कोसळला. पंचांनी एकेकाला उचलून बाजूला केलं आणि साखळी आणून मोजलं. वीतभर कमी पडलं.

पुढचं सांगण्यासारखं नाही. नदीपलीकडच्यांनी तिथून चेंडू नेला आणि शेवटच्या क्षणी सामना नेला. आमच्या मागे कोणीतरी टीगच्या सात पिढ्या काढत होतं. पुढच्या बाकावरचा एक जण वळून म्हणाला, "मिस नेल्डा, घ्या. तुमचंच ऐकलं त्याने." नेल्डाने त्याला काही उत्तर दिलं नाही, आणि मला त्याचीच काळजी वाटली. मोटारीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "मी घालवली त्याची नोकरी, व्हर्जिल. आधी त्याच्या दारात मयताचं जेवण नेलं, आणि मग माझ्या तोंडाने त्याला मारलं."

"लाथ मारूनही हरलो असतो," मी म्हटलं. "आपण खेचरं आहोत."

ती हसली नाही.

रविवारी पाटी गेली. या वेळी पावाची गाडी नव्हती. रंग नीट वाळलाही नसेल. दुपारी मी नेल्डाकडे गेलो तर ओव्हन थंड, पडदे ओढलेले. ती टेबलाशी बसून होती. मी स्टूल ओढलं.

"जायचं नाही का?" मी विचारलं.

"भांडं त्यांच्याकडे आहे."

"दुसरं आणतो. दुकान उघडं आहे."

"भांडं मिळेल रे," ती म्हणाली. "त्यांच्यापुढे उभं राहायला तोंड कुठून आणू? इतकी वर्षं मी त्या समोरच्या बाईला शिव्या दिल्या, रस्ता ओलांडून गेली म्हणून. आता कळलं. तिलाही धीर झाला नसेल."

ती रडत होती, आणि मला तिच्या खांद्यावर हात ठेवावा हे सुचायला जरा वेळ लागला. ठेवला तेव्हा तिने झटकला नाही.

बाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला. मी पडदा बाजूला केला. टीगची मोटार. डीना पुढे, टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी धरून. टीग मागे, रविवारच्या कोटात, कुठे ठेवावेत ते न कळणारे हात घेऊन.

"तू उघड," नेल्डा म्हणाली. "मला नाही जमायचं."

"तुझं दार आहे," मी म्हटलं.

शेवटी तीच उठली. दार उघडलं. डीनाने तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "झालं ते वाईट झालं. हे गरम आहे, आधी जेवून घ्या."

टॉवेलखाली निळं भांडं होतं.

"अगं, उलटं बोलतेस," नेल्डा म्हणाली. "नोकरी तुमची गेली. मी आणायला हवं होतं. माझ्या घरी काय झालंय?"

"आमचं तुम्ही आणलंत, मागच्या रविवारी. आम्ही जेवलो," डीना म्हणाली. "हे हॉइटचं आहे. जरा उशीर झाला."

नेल्डाने भांडं घ्यायला हात पुढे केले आणि मी खालून आधार दिला. भांडं खरंच गरम होतं, माझी बोटं भाजली. ती भांडं छातीशी धरून दारात उभी राहिली, आणि तिच्या अंगावरच्या स्वेटरला लोण्याचा डाग पडला.

"मिस नेल्डा," टीग मागून म्हणाला, "एक सांगायचं होतं. मी त्या पोरांना म्हटलं, लाथ नाही मारायची, जायचं. तेव्हा त्यांची तोंडं तुम्ही बघायला हवी होती. इतक्या वर्षांत माझ्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. मला पुन्हा ती खेप दिली तरी मी घुसेनच."

"वीतभर कमी पडलं, बाळा," नेल्डा म्हणाली.

"हो. वीतभर."

ती आत वळली. भांडं टेबलावर ठेवलं, झाकण काढलं, वासावरूनच तिला कळलं. "भात कच्चा आहे," ती म्हणाली.

"मी पहिल्यांदाच केलंय," डीना म्हणाली.

"मुरेल. बसा."

ताटं काढायला ती फडताळाकडे गेली. टेबलाशी खुर्च्या तीनच. एक तिची, एक डीनाने ओढून घेतली. मी माझ्या स्टुलावर. टीग भिंतीशी उभा राहिला, ज्याची नोकरी नुकतीच गेलीय तो माणूस दुसऱ्याच्या घरात जसा उभा राहतो तसा. सकाळपासून गावात त्याला कोणी 'कोच' म्हटलेलं नव्हतं, नुसतं 'गार्लंड' चाललं होतं, काहींनी तर तेही नाही.

नेल्डा ताटं घेऊन परत आली. तिने ती टेबलावर ठेवली, भिंतीकडच्या खुर्चीवरून वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलला आणि माझ्या मांडीवर टाकला. मग एप्रनने तिने ती खुर्ची पुसली, दोनदा.

"उभे काय राहिलात, कोच?" ती म्हणाली. "बसा. गार होतंय."